वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर वायफाय का चालत नाही?

मुक्तस्रोत प्रणालींविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे वायफायबद्दल आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि वाचकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : महोदय, मी लॅपटॉपवर लिनक्सचे डेबियन हे वितरण (म्हणजे बसवण्यास तयार संच) बसवले. पडदा, आवाज, टचपॅड हे सर्व पहिल्याच दिवशी सुरळीत चालले. पण वायफायची खूण कोठेही दिसत नाही. लॅपटॉपला केबल जोडण्याची सोय नाही, त्यामुळे इंटरनेटवरून काही उतरवून घेणेही शक्य नाही. ‘लिनक्समध्ये वायफायचे हे असेच असते’, असे ओळखीचे लोक सांगतात. हे खरे आहे काय?

उत्तर : हे सरसकट खरे नाही, आणि अशा ऐकीव मतामुळे अनेक जण दुरुस्त होण्याजोग्या अडचणीपुढे हात टेकतात. आधी इंटरनेटचा प्रश्न सोडवू. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला हा फोन केबलच्या जोडणीसारखा दिसतो आणि त्यासाठी वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) लागत नाही. फोन त्या वेळी स्वतः घरच्या वायफायवर असला तरी चालते, म्हणजे मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

आता निदान. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ या पर्यायासह चालवा. निघणाऱ्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असा उल्लेख असलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन संख्या दिसतील. पहिली चिप बनवणाऱ्या कंपनीची आणि दुसरी त्या चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. लॅपटॉपच्या झाकणावर कोणाचेही नाव असो, वायफायच्या बाबतीत आपले काम या दोन संख्यांशी आहे. मदत मागताना लॅपटॉपचे नाव सांगण्याऐवजी या संख्या सांगितल्या, तर उत्तर पुष्कळ लवकर मिळते.

त्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे की नाही, ते पाहा. नसेल, तर आपल्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, त्या चिपचा ड्रायव्हर नाही, किंवा असूनही तो जोडला गेलेला नाही. नव्या लॅपटॉपवर जुने वितरण बसवले की हे हमखास घडते. उदाहरणार्थ, इंटेलच्या एएक्स२१० या कार्डाला किमान ५.१० आवृत्तीचे कर्नल लागते. त्यापूर्वीच्या कर्नलला ते कार्ड ठाऊकच नाही. अशा वेळी ड्रायव्हर शोधत फिरण्यापेक्षा वितरणाची नवी आवृत्ती बसवणे हाच सरळ मार्ग आहे.

ड्रायव्हरचे नाव दिसते आणि तरीही वायफाय नाही, असे असेल तर बहुधा फर्मवेअर नाही. वायफायच्या चिपमध्ये स्वतःचा एक लहान प्रोसेसर असतो. त्याच्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजेच फर्मवेअर. ते बहुतेक चिपांमध्ये कायमचे साठवलेले नसते, तर संगणक सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरतो. ड्रायव्हर मुक्त असला तरी फर्मवेअरची ही फाइल बहुधा कंपनीने तयार दिलेली, बंदिस्त असते. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या कमांडमध्ये फर्मवेअरच्या फाइलचे नाव आणि त्यापुढे ‘एरर -२’ असे दिसले, तर त्याचा अर्थ एवढाच की ती फाइल डिस्कवर सापडली नाही. येथे एक सावधगिरी हवी. इंटेलचा ड्रायव्हर फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीपासून जुन्या आवृत्तीकडे एकेक नाव तपासत उतरतो, म्हणून अशा दोन-तीन ओळी लागोपाठ आल्या आणि नंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ आली, तर काहीही बिघडलेले नाही.

आपण डेबियन वापरत असल्याचे पत्रावरून दिसते, म्हणून हेही सांगतो. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अनेक वर्षे बंदिस्त फर्मवेअर मुद्दाम ठेवले जात नसे, आणि केबल नसलेल्या लॅपटॉपवर त्याचा फार जाच होत असे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून आवश्यक फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले. आपल्याकडची प्रत त्यापूर्वीची असेल, तर नवी प्रत घेऊन पुन्हा बसवणे सर्वांत कमी त्रासाचे ठरेल.

‘एलएसपीसीआय’च्या यादीत कार्डच दिसत नसेल, किंवा दिसूनही सुरू होत नसेल, आणि त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून पाहा. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि कार्ड काही वेळा अर्धवट अवस्थेत राहते. ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांडही एकदा चालवावी. कीबोर्डवरील विमानाच्या चिन्हाच्या कळीने वायफाय अडवले गेले असेल, तर ते तेथे स्पष्ट दिसते.

प्रश्न : मित्राच्या लिनक्सवर उत्तम चालणारा यूएसबी वायफाय अॅडॉप्टर पाहून मी त्याच नावाचा, त्याच मॉडेलचा अॅडॉप्टर आणला. माझ्याकडे तो चालत नाही. उलट संगणक त्याला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतो. अॅडॉप्टर खराब निघाला असावा काय?

उत्तर : अॅडॉप्टर बहुधा ठीक आहे. आपल्या पत्रात दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली अशी की अॅडॉप्टर विकणाऱ्या कंपन्या मॉडेलचे नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात. खोक्यावर बारीक अक्षरात आवृत्ती १, २ किंवा ३ असे छापलेले असते आणि या आवृत्त्यांमध्ये कधी कधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा असतात. विंडोजच्या ग्राहकाला फरक जाणवत नाही, कारण सोबतचा ड्रायव्हर सर्व आवृत्त्या सांभाळतो. लिनक्सच्या ग्राहकाला मात्र एकाच नावाची दोन वेगळी उपकरणे मिळतात. ही पद्धत ग्राहकावर अन्याय करणारी आहे, असे मला वाटते. म्हणून विकत घेण्यापूर्वी मॉडेलऐवजी चिपचे नाव विचारावे आणि ते कळत नसेल तर ती वस्तू घेऊ नये.

सीडी ड्राइव्हचे कारण वेगळे आहे. अशा अॅडॉप्टरमध्ये विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. जोडल्यावर तो आधी ड्राइव्ह असल्याचे भासवतो आणि ड्रायव्हर बसल्यावर वायफायच्या रूपात येतो. यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या कमांडमध्ये ०बीडीए:१ए२बी अशी जोडी दिसली, तर रिअलटेकचा अॅडॉप्टर याच अवस्थेत अडकला आहे असे समजावे. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज बसवून अॅडॉप्टर काढून पुन्हा लावला की पुष्कळदा तो खऱ्या रूपात येतो. ड्राइव्ह म्हणून दिसत असतानाच ती ‘इजेक्ट’ केली, तरी अनेकदा तोच परिणाम होतो. त्यानंतर नवी संख्या पाहून चिप ओळखावी.

प्रश्न : माझ्या यूएसबी अॅडॉप्टरसाठी मी एका संकेतस्थळावरून ड्रायव्हरचा स्रोत उतरवून, कंपाइल करून बसवला होता. प्रणाली अपडेट केली की दर वेळी वायफाय बंद पडते. आता संगणक बदलल्यावर तर ड्रायव्हर बसतो, पण ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे सांगून चालू होण्यास नकार देतो.

उत्तर : ड्रायव्हर कर्नलच्या आत असणे आणि बाहेर असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लिनक्सच्या विकासकांनी कर्नलच्या अंतर्गत रचना कायम न ठेवण्याचे धोरण जाणीवपूर्वक स्वीकारले आहे. एखादी रचना सुधारली, की ती बदलणारी व्यक्ती कर्नलमधील सर्व ड्रायव्हरही सोबत बदलते. बाहेरचा ड्रायव्हर मात्र तिच्या नजरेसमोर नसतो. तो जुन्याच रचनेवर विसंबून राहतो आणि पुढच्या अपडेटला कोसळतो. आपल्या बाबतीत नेमके हेच घडत आहे.

तात्पुरता उपाय म्हणजे ‘डीकेएमएस’. या व्यवस्थेत ड्रायव्हरचा स्रोत संगणकावर राहतो आणि प्रत्येक नवे कर्नल आल्यावर तो आपोआप पुन्हा कंपाइल होतो. स्रोत नव्या कर्नलशी जुळेनासा झाला, तर मात्र डीकेएमएसही काही करू शकत नाही. नकाराचा संदेश सिक्युअर बूट या संगणकातील सुरक्षा व्यवस्थेमुळे येतो. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल केवळ ओळखीच्या किल्लीने स्वाक्षरी केलेले मॉड्यूलच (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हर) स्वीकारते, आणि घरी कंपाइल केलेल्या ड्रायव्हरवर तशी स्वाक्षरी नसते. उबंटूसारखी वितरणे अशा वेळी एक किल्ली तयार करून तात्पुरता पासवर्ड विचारतात. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ हा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. घाईत तो निसटला, तर किल्ली नोंदवली जात नाही आणि आपल्याला दिसला तोच संदेश मिळतो. सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु किल्ली नोंदवण्यास पाच मिनिटेही लागत नसताना सुरक्षेची एक पायरी काढून टाकावी, असे मला वाटत नाही.

कायमचा उपाय अधिक समाधानकारक आहे. रिअलटेकच्या चिपांसाठी कर्नलमध्ये ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत आला आणि २०२३ च्या ६.२ आवृत्तीत त्याला यूएसबीची जोड मिळाली. ज्या ८८१२एयू आणि ८८२१एयू चिपांनी वर्षानुवर्षे लोकांना बाहेरच्या ड्रायव्हरमागे धावायला लावले, त्याही अलीकडच्या कर्नलमध्ये सामावल्या गेल्या आहेत. हे काम बहुतांशी चिकाटीच्या स्वयंसेवकांनी केले आहे आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. आपण नवे कर्नल असलेले वितरण घेतले, तर बाहेरचा ड्रायव्हर आधी पूर्णपणे काढून टाका. दोन ड्रायव्हर एकाच चिपवर हक्क सांगू लागले, तर दोन्ही नीट चालत नाहीत.

प्रश्न : छपाईयंत्रे, वेबकॅम, ग्राफिक्स यांचा प्रश्न हळूहळू सुटत गेला. मग वायफायच्याच कंपन्या एवढी आडकाठी का करतात? आणि बंदिस्त फर्मवेअर वापरून आपण मुक्त प्रणालीच्या तत्त्वाशी तडजोड करत नाही काय?

उत्तर : ‘करत होत्या’ असे म्हणणे आज अधिक न्याय्य होईल, तरी प्रश्नाचा पहिला भाग इतिहास सांगितल्याशिवाय उलगडत नाही. वायफायची चिप ही रेडिओ प्रक्षेपक आहे. ती कोणत्या वारंवारितेवर, किती शक्तीने प्रक्षेपण करू शकते यावर प्रत्येक देशाचे नियम असतात. ड्रायव्हर खुला केला आणि कोणी तो बदलून मर्यादा ओलांडली, तर चिपला मिळालेली मान्यता धोक्यात येईल, अशी भूमिका कंपन्या मांडत. यात तथ्य होते, पण ते जेवढे सांगितले जाई तेवढे नव्हते, असे पुढच्या घटनांवरून दिसते.

अथेरॉस या कंपनीच्या चिपांसाठी ‘मॅडवायफाय’ नावाचा ड्रायव्हर होता. त्याचा वरचा भाग खुला आणि चिपशी प्रत्यक्ष बोलणारा थर बंदिस्त, अशी त्याची रचना होती. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे विकासक राइक फ्लोटर यांनी हा थर कसा चालतो ते उलगडून स्वतंत्रपणे पुन्हा लिहिला आणि त्याच पायावर पुढे लिनक्सचा ‘एटीएच५के’ ड्रायव्हर उभा राहिला. ब्रॉडकॉमच्या बाबतीत स्वयंसेवकांनी कामाची कडक वाटणी केली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर तपासून चिप कशी चालते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. उचलेगिरीचा आरोप होऊ नये, यासाठी ही दक्षता होती. त्यातून ‘बी४३’ हा ड्रायव्हर तयार झाला. ज्या माहितीची काही पाने कंपनीने दिली असती तर काम भागले असते, ती मिळवण्यासाठी बुद्धिमान माणसांची वर्षे गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

२००७ मध्ये कर्नलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांपुढे जाहीर प्रस्ताव ठेवला की, तुम्ही चिपची माहिती द्या, कर्नलचे विकासक ड्रायव्हर विनामूल्य लिहून देतील. त्याच वर्षी २.६.२२ या कर्नलमध्ये ‘मॅक८०२११’ ही सामायिक चौकट आली. वायफायच्या नियमावलीतील ज्या गोष्टी प्रत्येक ड्रायव्हर स्वतंत्रपणे सांभाळत असे, त्यांपैकी बऱ्याचशा आता एकाच ठिकाणी आल्या आणि ड्रायव्हर लिहिणे पुष्कळ सोपे झाले. २००८ मध्ये अथेरॉसने ‘एटीएच९के’ हा पूर्णपणे मुक्त ड्रायव्हर स्वतःहून दिला आणि २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर जाहीर केला. रेडिओचे नियम तेच होते आणि मान्यताही टिकल्या. अडचण मुख्यतः इच्छेची होती.

दुसऱ्या भागाबाबत माझे मत स्पष्ट आहे. होय, ही तडजोडच आहे. अंतर एवढेच की, फर्मवेअर चिपच्या आत चालते; आपल्या प्रोसेसरवर चालणारा ड्रायव्हर मात्र मुक्त असतो आणि कोणालाही तपासता येतो. पूर्वी काही उपकरणांत हाच प्रोग्राम चिपमध्ये कायमचा कोरलेला असे आणि तेव्हा त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नसे. म्हणून आज फर्मवेअर डिस्कवर आले एवढ्याच कारणाने ते नाकारावे, हे मला पटत नाही. मात्र ज्यांना ते नको आहे त्यांचा आग्रह मी वृथा मानत नाही, कारण फर्मवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली, तर कंपनीखेरीज ती कोणालाही दुरुस्त करता येत नाही. अशा वाचकांनी ‘एटीएच९के’वर चालणारी जुनी पीसीआय कार्डे पाहावीत, त्यांना वेगळे फर्मवेअर लागतच नाही. एआर९२७१ ही चिप असलेल्या यूएसबी अॅडॉप्टरना फर्मवेअर लागते, परंतु त्याचा स्रोत २०१३ मध्ये खुला झाला. ट्रिस्केलसारख्या संपूर्ण मुक्त वितरणांवर याच कार्डांची शिफारस केली जाते. वेग आजच्या मानाने कमी मिळेल, हे धरून चालावे.

प्रश्न : वायफाय जोडले जाते, पण दर काही मिनिटांनी तुटते किंवा एकदम मंदावते. त्याच जागी फोनला काही अडचण नाही.

उत्तर : पहिला संशय वायफाय कार्डाच्या वीजबचतीवर घ्यावा. ‘आयडब्ल्यू’ या साधनाने वीजबचत तात्पुरती बंद करून एक-दोन तास पाहावे. फरक पडला, तर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत २ ठेवली म्हणजे ती कायमची बंद होते. दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, पण ते खरे आहे. यूएसबी ३ ची पोर्टे आणि केबली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात. शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असताना जोडणी तुटत असेल, तर अॅडॉप्टर लहान एक्स्टेन्शन केबलने दूर न्यावा किंवा ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क वापरावे.

प्रश्न : राउटर १३ व्या चॅनेलवर असला की लिनक्सला तो दिसत नाही. लॅपटॉपवरून ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉटही सुरू होत नाही.

उत्तर : आपण कोणत्या देशात आहात हे प्रणालीला कळले नाही, तर ती प्रक्षेपणाच्या नियमांचा ‘००’ हा जागतिक संच लागू करते. त्यात सर्व देशांना चालेल एवढेच गृहीत धरलेले असते. १२ व १३ या चॅनेलांवर आणि ५ गिगाहर्ट्झवर कार्ड स्वतःहून प्रक्षेपण सुरू करत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ या कमांडने चालू संच पाहून आपल्या देशाचा दोन अक्षरी संकेत द्यावा. इंटेलच्या अनेक कार्डांवर हा उपाय चालत नाही, कारण देश कोणता हे त्यांचे फर्मवेअर आसपासचे संकेत ऐकून स्वतःच ठरवते. त्यांच्यावर हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवणेच बरे.

प्रश्न : लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडी डेस्कटॉपवर वापरायची इच्छा आहे. वायफायची स्थिती कशी आहे?

उत्तर : निवड मर्यादित आहे, पण निराश होण्याजोगी नाही. ओपनबीएसडीचे ड्रायव्हर नेटके लिहिलेले आहेत आणि इंटेलची बहुतेक कार्डे त्यावर चालतात. फर्मवेअर ‘एफडब्ल्यू-अपडेट’ ही कमांड उतरवून आणते, म्हणून पहिल्या वेळी केबल किंवा फोनची सोय जवळ ठेवावी. फ्रीबीएसडीने लिनक्सचे ड्रायव्हर चालवू शकणारा एक थर तयार केला असून इंटेलचा ड्रायव्हर २०२२ मध्ये १३.१ आवृत्तीत त्याच मार्गाने आला. आरंभी त्याचा वेग जुन्या पिढीपुरताच होता. २०२५ च्या १४.३ आवृत्तीत तो ८०२.११एसी या नंतरच्या वायफाय प्रमाणापर्यंत पोहोचला. कार्ड मुळीच चालत नसेल, तर ‘वायफायबॉक्स’ हे साधन एक लहानसे लिनक्स आभासी यंत्रात चालवून कार्ड त्याच्या स्वाधीन करते. मार्ग वळणाचा आहे, परंतु उपयोगी पडतो.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचे कार्ड आहे. त्याचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर वापरावा, की कार्डच बदलावे?

उत्तर : आधी चिपची संख्या पाहून ती ‘बी४३’ किंवा कर्नलमधील ब्रॉडकॉमच्या मुक्त ड्रायव्हरवर चालते का, हे तपासावे. ‘डब्ल्यूएल’ हा बंदिस्त ड्रायव्हर शेवटचा पर्याय आहे. कंपनीने त्याकडे कित्येक वर्षे लक्ष दिलेले नाही आणि नव्या कर्नलसाठी वितरणांचे स्वयंसेवकच त्याला ठिगळे लावत असतात.

कार्ड बदलणे शक्य असेल तर मी तेच सुचवीन. लॅपटॉपमध्ये एम.२ प्रकारची जागा असेल, तर इंटेलचे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असली, तरी त्यांचा काही भाग इंटेलच्याच प्रोसेसरच्या संचात असतो, त्यामुळे ती एएमडीच्या किंवा जुन्या संगणकात चालत नाहीत. काही लॅपटॉपचे बायॉस (संगणक सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) कंपनीने मान्य केलेल्या कार्डांशिवाय दुसरे कार्ड स्वीकारत नाही. आपल्या मॉडेलला ही अट आहे का, ते आधी शोधून काढावे. खूप जुन्या लॅपटॉपमध्ये मिनी-पीसीआय एक्स्प्रेसची जागा असते आणि अँटेनाच्या तारांची टोके मोठी असतात. नव्या कार्डावरील खुंट्या त्याहून लहान असल्याने ती टोके बळेच दाबू नयेत. त्या जागेसाठी ‘एटीएच९के’वर चालणारे मिनी कार्डच शोधावे, त्याला जुन्या तारा जशाच्या तशा बसतात.